केमिस्ट्रीचा पेपर आणि आईची हळद

“पण पोरगी पास हाय ना?” रखमीने तिसऱ्यांदा विचारलं.

“पास आहे मावशी. पास आहे, तोच तर लोचा आहे,” जाळीच्या पलीकडून मनिष म्हणाला.

मनिष हा डहाणूच्या त्या कॉलेजातला प्रवेशाचा क्लार्क. माणूस वाईट नव्हता. जुलैच्या गर्दीत सकाळपासून तो मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत तेच तेच सांगत होता आणि तरी त्याचा आवाज चढला नव्हता, यावरून काय ते समजावं. रखमीच्या शेजारी तिची मुलगी दक्षा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. एकोणीस वर्षांची पोर. तिला सगळं समजलं होतं, म्हणूनच ती काही विचारत नव्हती.

“हे बघा,” मनिषने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. “तलासरीकडच्या कॉलेजात हिने सायन्सचं पहिलं वर्ष केलं. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. पास झालं की ते तिच्या नावावर जमा होतात. आता हिला आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला यायचंय, तर ते क्रेडिट इकडे ट्रान्स्फर व्हायला पाहिजेत. बरोबर? पण आमचा नियम असा आहे, की बाहेरून येणाऱ्याला प्रत्येक विषयात निदान सी ग्रेड पाहिजे. हिला बाकी सगळीकडे ए आहे, बी आहे. एका केमिस्ट्रीत डी. डी म्हणजे पास, पण डीचे क्रेडिट आम्ही घेत नाही. आणि ते कमी पडले, की दुसऱ्या वर्षात बसवता येत नाही.”

“मंग ती परत देल पेपर.”

“तेच तर होत नाही ना. नापास झाली असती तर परत बसली असती, चांगला ग्रेड आणला असता. पास झालेल्याची परीक्षा परत कोण घेणार?”

रखमीने मान हलवली. समजलं म्हणून नव्हे, समोरचा माणूस दमलाय हे दिसलं म्हणून. तरुणपणी ती आणि तिचा नवरा चिमण आशागडच्या बाजूला चिकूच्या वाडीत राहून काम करायचे. तिथे फळं निवडताना बारका माल बाजूला काढायचा, हे तिला ठाऊक होतं. पण एक बारकं फळ निघालं म्हणून व्यापाऱ्याने अख्खी पेटी परत पाठवलेली तिने कधी बघितली नव्हती. इथे तेच चाललं होतं.

बरं, पोरगी हौसेने कॉलेज बदलत होती असंही नाही. पोरं कमी पडली म्हणून तिच्या जुन्या कॉलेजाने सायन्सचं दुसरं वर्ष यंदा उघडलंच नव्हतं. ज्याला पुढे शिकायचंय त्याने दुसरीकडे बघावं, अशी नोटीस लावून ते मोकळे झाले. ज्यांनी वर्ग बंद केला त्यांचा ग्रेड कोणी विचारत नव्हतं.

आणि हे सगळं शुक्रवारच्या आत व्हायला हवं होतं. डहाणूच्या मुलींच्या वसतिगृहात दक्षाला जागा मिळाली होती, पण ती दुसऱ्या वर्षाची म्हणून. दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची पावती शुक्रवारपर्यंत दाखवली नाही, तर जागा पुढच्या मुलीला. वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या जागा तर कधीच भरल्या होत्या. झरीच्या पलीकडे असलेल्या त्यांच्या पाड्यावरून पहिली गाडी निघायची तेव्हा डहाणूत प्रॅक्टिकल सुरू झालेलं असायचं. वसतिगृह नाही तर कॉलेज नाही, इतकं ते सरळ होतं. कॉलेज नाही तर काय, तेही सरळच होतं. दक्षाबरोबर दहावी झालेली गंगी फुग्यांच्या कारखान्यात जात होती, बाकीच्या कोणी वाडीत, कोणी भाताच्या चिखलात. दक्षाला विज्ञान शिकवणारी बाई व्हायचं होतं. पाड्यावर हे ऐकून आधी लोक हसले होते, मग हसायचे थांबले होते. हसायचे थांबले, हीच मोठी गोष्ट होती.

मनिषने आजूबाजूला बघितलं, जाळीजवळ तोंड आणलं आणि आवाज उतरवला.

“एक रस्ता आहे. आज तीन वाजता कमिटी बसते. ज्यांचा ग्रेड काही खास कारणाने खाली आला त्यांची केस घेतात. पेपरच्या वेळेला काय झालं होतं गं? आजारी होतीस?”

“नाय सर.”

“मग? ए आणि बी घेणारी पोरगी एकदम डी कशी घेते?”

दक्षाने आईकडे बघितलं. रखमीने नजर खाली घातली.

“आदल्या दिवशी घरात लग्न होतं.”

“कोणाचं?”

“भावाचं.” ती थांबली. “आणि आईबाबांचं.”

मनिषचं पेन थांबलं. तो वरोरचा, कोळीवाड्यात वाढलेला. आतल्या भागातल्या पाड्यांवर असं असतं हे त्याने ऐकलं होतं, समोर कोणी सांगितलेलं मात्र पहिल्यांदाच. त्याला हसू आलं. त्याने ते खोकल्यात लपवलं, पण रखमीने बघितलंच. हसणं ओळखायला शाळा लागत नाही.

“हे आत सांगू नका,” मनिष म्हणाला. “प्लीज. आत हे बिलकुल सांगू नका.”

रखमी आणि चिमण बावीस वर्षं संसार करत होते. लग्न तेवढं राहिलं होतं.

त्यांच्याकडे यात जगावेगळं काही नाही. पोरगी पसंत पडली, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी होकार भरला, की पोरगी नांदायला येते. लग्न पुढे हाताशी पैसा आला की करायचं. मांडव, हळद, पाड्याला जेवण, सगळं त्यात आलं. एका वर्षी पैसा जमला तर चिमणचा पाय मोडला. एका वर्षी रखमीची सासू गेली. तोवर पोरं झाली होती, आणि पोरं झाल्यावर लग्नाची घाई कोणाला असते? चिमण मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागला, तो पावसाळ्यात तेवढा घरी. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं.

कोणी कधी रखमीला नावं ठेवली नाहीत. पण नावं न ठेवणं वेगळं आणि चौकाला हात लावू देणं वेगळं. लग्नघरी भिंतीवर देवीचा चौक लिहायचा तो हळद लागलेल्या सवाष्णींनी. रखमी जायची ती मसाला वाटायला आणि पाणी भरायला. शुक्री ही पाड्याची धवलेरी. म्हणजे गाणी म्हणत देवांना मांडवात बोलावणारी आणि लग्न लावणारी म्हातारी. सवाष्णी भिंतीपाशी बसल्या की ती हाक मारायची, “रखमे, तू जरा बाजूला ऱ्हा बाय.” अगदी प्रेमाने म्हणायची. बावीस वर्षं प्रेमानेच म्हणत आली.

मग थोरल्या जीवनचं ठरलं. बापाला हळद लागली नसेल तर पोराला कशी लागणार? तेव्हा एकाच मांडवात दोन्ही उरकायची, आधी आईबापाचं, मागून पोराचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. “बा, तू पुढं हो, मी आलोच मागनं,” असं म्हणून जीवनने सगळ्या पाड्याला हसवलं. चिमणही हसला. रखमी चुलीपाशी होती. ती हसली नाही. पेटलेल्या चुलीतच ती पुन्हा फुंकर घालत राहिली.

केमिस्ट्रीचा पेपर खरं तर आधी होता. तो चार दिवस पुढे ढकलला गेला आणि नेमका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पेपर ढकलणाऱ्याला काय, त्याने ढकलला. लग्न कुठे ढकलणार? धवलेरीला सांगून झालं होतं, सोयऱ्यांना सांगून झालं होतं, तांदूळ निवडून झाले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

“तू तलासरीला मैतरणीकडं जा,” चिमण लेकीला म्हणाला. “अभ्यास कर. आमचं काय, आम्ही म्हातारी.”

“आणि करवली कोण? तुमची बी मीच, भावाची बी मीच,” दक्षा म्हणाली. “मी नाय जात.”

त्या वेळी रखमीने म्हणायला हवं होतं, की जा बाय, तुझा पेपर मोठा. ती काही बोलली नाही. तिला बरं वाटलं. पोरीने आपल्या लग्नात असावं असं तिला वाटलं, आणि त्यात तिचं काही चुकलं असं निदान मी तरी म्हणणार नाही.

दक्षाने आईच्या हातापायांना स्वतः हळद लावली. चाळिशी ओलांडलेली रखमी नव्या पोरीसारखी लाजत होती आणि बाया तिला चिडवत होत्या. मग शुक्रीने तिला हात धरून भिंतीपाशी नेलं आणि पिठात भिजलेली काडी तिच्या हातात दिली. रखमीने भिंतीवर एक रेघ ओढली. वाकडी आली. कोणी ती पुसली नाही. पहाटेपर्यंत गाणी चालली, आणि उजाडताच जीवनच्या मित्राने दक्षाला मोटारसायकलवरून पेपरला नेलं. हळदीचे हात धुवायचेही राहिले होते. उत्तरपत्रिकेवर पिवळी बोटं उमटली आणि तिसऱ्या प्रश्नावर तिचा डोळा लागला.

जूनमध्ये निकाल लागला. पोरगी पास! चिमणने तलासरीहून जिलबी आणली, पाड्यावर वाटली. ए, बी, डी ही अक्षरं कोणी वाचली नाहीत. पास हा एकच शब्द त्यांना वाचता येत होता आणि त्यांच्या हिशेबाने तेवढं पुरेसं होतं.

“आजी आहे का हिला?” मनिषने विचारलं. तिघं आता कॉलेजच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडपाशी उभी होती. त्याने आपला डबा अर्धा टाकून वेळ काढला होता.

“माझी सासू? ती कवाच गेली. ही रांगत व्हती.”

“मग झालं तर. एप्रिलमध्ये गेली असं लिहू. पेपरच्या आदल्या दिवशी. गेलेली बाई काय परत येऊन सांगणार आहे?”

“दाखला मागतील,” दक्षा म्हणाली.

“दाखला नंतर मागतात आणि बहुतेक विसरतात. पालकाने समोर येऊन सांगायचं असतं, त्याला वजन आहे. मयत सांगितली, की कमिटी जास्त विचारत नाही. माणसं आहेत शेवटी तीपण.”

रखमीने विचारलं, “दुसरा दिस सांगितला तर? दोन दिस आधीचा?”

“नाही मावशी. दोन दिवस आधी मयत, तर म्हणतील पेपरच्या दिवशी काय झालं होतं? आदल्याच दिवसाचं पाहिजे.”

तो दिवस म्हणजे तिच्या लग्नाचा. हळद लागून तीन महिनेही झाले नव्हते. ज्या मांडवात ती बावीस वर्षांनी नवरी झाली, त्या मांडवात त्याच दिवशी मढं होतं, असं तिने आपल्या तोंडाने सांगायचं होतं. तेही नवरा जिवंत असताना, तो शेतात भाताचा चिखल करत असताना. असं बोलू नये. बोललेलं लागतं. हे मनिषला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याला ते समजलं नसतं, आणि समजलं असतं तरी नियम बदलला नसता.

“लिवा,” रखमी म्हणाली.

“आये, नको.”

“तू गप. तुना नाय विचारलं. मी सांगन, तू नुसती मान हालव.”

मनिषने आपल्या हाताने अर्ज लिहिला. रखमीने अंगठा दिला.

कमिटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मायलेकी बसून राहिल्या. आत जाणारे रडवेल्या तोंडाने जात होते आणि कोणी हसऱ्या तोंडाने बाहेर येत होते, कोणी तसेच. दाराशी सुक्या नावाचा शिपाई नावं पुकारत होता.

“लग्न झालं ते झालं,” रखमी कोणाला तरी समजावल्यासारखी पुटपुटली. “बोलल्यानं काय पुसतंय?”

तीन महिने दक्षा बघत आली होती. आई पाणी आणायला जाताना आता मधल्या वाटेने जायची, शुक्रीच्या अंगणातून, थांबून दोन शब्द बोलून. कोणाकडे लग्न निघालं, की “मना बोलावलंय चौकाला” असं चिमणला दोनदोनदा सांगायची. तिसऱ्यांदा सांगितलं की चिमण म्हणायचा, “ऐकलं गं बाय.”

सुक्याने नाव पुकारलं.

खोलीत तिघं होती. मध्ये प्राचार्य, एका बाजूला केस पांढरे झालेले एक सर, दुसऱ्या बाजूला चष्मा लावलेल्या मॅडम. प्राचार्यांनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा मऊ झाला.

“या मुलीच्या आजी वारल्या? पेपरच्या आदल्या दिवशी?”

रखमी उभी होती. तिला खुर्ची दाखवली, पण ती बसली नाही.

“तुम्ही आई ना? तुम्ही सांगा. काय झालं होतं त्या दिवशी घरात?” मॅडमनी विचारलं. अगदी हळू, आपुलकीने विचारलं.

रखमीने पदर ओढून घेतला. हात आपोआप गळ्यातल्या काळ्या मण्यांवर गेला आणि तिथेच घट्ट बसला.

“मयत व्हती,” ती म्हणाली. “घरात, मांडवा...” ती सावरली. “दारात मढं व्हतं.”

आणि ती रडायला लागली. आवाज न करता, नुसतं डोळ्यांतून पाणी. सरांनी पाण्याचा पेला पुढे केला. मॅडम उठून आल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “असू द्या. म्हातारं माणूस होतं. सासूवर किती माया असते काहींची,” त्या सरांना म्हणाल्या. प्राचार्यांनी पेन उघडलं. “ठीक आहे. या केसमध्ये विषयाचे क्रेडिट विशेष बाब म्हणून घ्यायला माझी हरकत नाही. तुमची?”

दोघांची हरकत नव्हती. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच. दक्षाने फक्त मान हलवायची होती.

तिने आईकडे बघितलं. आई आपल्याच लग्नावर रडत होती आणि परकी माणसं तिचं सांत्वन करत होती. पोरीला ते सहन झालं नाही. याहून मोठं कारण मला देता येणार नाही, आणि ज्यांना हे कारण पुरत नाही त्यांना कुठलंच पुरणार नाही.

“सर, थांबा. खोटं आहे हे.”

“दक्षे!” रखमी ओरडली. “गप बस!”

“माझी आजी तेव्हा नाय गेली. ती खूप आधी गेली. त्या दिवशी आमच्याकडे लग्न होतं.”

प्राचार्यांचं पेन कागदावर टेकायचं राहिलं.

“लग्न? कोणाचं?”

“माझ्या भावाचं. आणि त्याच्या आधी माझ्या आईवडिलांचं.”

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग पांढऱ्या केसांचे सर हसले. मॅडमनी हात तोंडावर नेला, पण त्यांचे खांदे हलत होते. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, हे सांगायला हवं. पण ज्याला हसतात त्याला त्याने काय फरक पडतो?

“ही चेष्टा करायची जागा आहे का?” प्राचार्य म्हणाले. ते हसले नव्हते. “आईवडिलांच्या लग्नाला मुलगी हजर?”

“सर, आमच्यात असतंय तसं,” दारातून सुक्या म्हणाला. “माझ्या बी बापाचं...”

“तुला कोणी विचारलं? दार लाव.”

दार लागलं. मॅडम आपल्या जागेवर जाऊन बसल्या. रखमीच्या पाठीवरचा हात मघाशीच निघाला होता.

“हा अर्ज कोणी लिहिला?” प्राचार्यांनी विचारलं. मनिषचं अक्षर ते रोज बघत होते.

“मी लिहिला सर,” दक्षा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं आणि तो विषय तिथेच सोडला. तेवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं. मग ते सावकाश बोलले.

“हे बघ, लग्न हे कारण धरता येत नाही. कोणाचंही असो. आजारपण, मयत, पूर, आग, एवढंच नियमात आहे. त्यातून तुम्ही खोटं लिहून दिलंत. आता मी मनात आणलं तरी काही करू शकत नाही. पहिल्या वर्षाला जागा आहेत. पुन्हा पहिल्यापासून कर, हुशार दिसतेस.”

“पहिल्या वर्षाला हॉस्टेल नाय मिळत सर.”

“ते आमच्याकडे येत नाही.”

“सायेब,” रखमी पुढे झाली. हात जोडलेले, गालावर पाणी तसंच. “पोरगी येडी हाय. मयतच व्हती. तुम्ही लिवा मयत. मी आई हाय तिची, मी सांगते ना, मयत व्हती!”

कोणी तिच्याकडे बघेना. पुढचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर व्हरांड्यात मनिष उभा होता. त्याला बातमी लागली होती. त्याने दोघींकडे पाठ केली आणि तो जाळीआड जाऊन बसला. त्याचीही नोकरी होती, त्याच्याही घरी माणसं होती. पोरीने आपलं नाव घेतलं नाही हे त्याला अजून कळलं नव्हतं. कळलं असतं तरी त्याने काय केलं असतं कोण जाणे.

एसटी स्टँडपर्यंत रखमी पुढे आणि दक्षा मागे. तिथे पोचल्यावर रखमी वळली आणि तिने लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा. स्टँडवरची माणसं बघायला लागली.

“सही करीत व्हता तो! पेन काढलं व्हतं त्यानं! तुझं काय जात व्हतं?”

“माझं काय नाय जात. तुझं जात होतं.”

“माझं काय? मी बोलली, मी निस्तरली असती. दोन शब्द व्हते ते.”

“तू रडत होतीस आये.”

“रडली तर रडली! मी रडली त्याचं काय एवढं? तुझं वरीस गेलं ना!”

दक्षाने ओठ घट्ट दाबले. आता ती रडत होती. “त्या मॅडम तुझ्या पाठीवरनं हात फिरवत होत्या,” ती म्हणाली. “तुझी हळद मी लावली. मना नाय बघवलं ते.”

रखमीचा हात पुन्हा उठला होता, तो तिने खाली घेतला. तिला पोरीचा राग आला होता, खूप राग आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी काहीतरी वेगळंच होतं. ते वर येऊ नये म्हणून ती बडबडत राहिली. बसमध्ये चढतानाही, आशागड गेल्यावरही, गाडी बदलतानाही. पोरीला अक्कल नाही, शिकून काय कामाचं, मास्तरणी होणार म्हणे. तलासरी आल्यावर ती गप्प झाली. उतरताना तिने दक्षाची पिशवी आपल्या हातात घेतली.

घरी चिमण पायाचा चिखल धूत होता. त्याने दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं.

“मी म्हटलं व्हतं, तलासरीला जा...” तो बोलायला लागला, आणि रखमीचा चेहरा बघून अर्ध्यात थांबला. मग उगाचच धुतलेला पाय पुन्हा धुवायला लागला.

शुक्रवार आला आणि गेला. वसतिगृहातली जागा कोणा दुसऱ्या मुलीला मिळाली असेल. तीही अशीच कुठल्या तरी पाड्यावरची असेल, तिला तरी मिळो. गंगी येऊन गेली. फुग्यांच्या कारखान्यात माणसं घेतायत, म्हणाली, भात लावून झालं की ये. दक्षा बरं म्हणाली.

शनिवारी त्यांच्या शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी होती. पाड्यावरच्या बाया आल्या होत्या. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, असं सगळ्यांचं भात लागतं. रखमी मधल्या रांगेत वाकली होती. दक्षा बांधावर आली, तिने सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि चिखलात पाय घातला. रांगेतल्या बाया दोन्ही बाजूंना थोड्या सरकल्या.

ती आईच्या शेजारी वाकली. रोपांची जुडी सोडली आणि लावायला लागली. लहानपणापासून केलेलं काम, हात विसरले नव्हते. बोटं चिखलात जायची, रोप उभं राहायचं, पुन्हा बोटं. थोड्या वेळात ती आईच्या पुढे गेली, मग सगळ्यांच्या पुढे. मागे तिची ओळ सरळ, दाट, एकसारखी दिसत होती.

“रखमे, पोरीचा हात लय चांगला चालतो गं!” पलीकडून एक बाई कौतुकाने म्हणाली. “अशी सून मिळायला नशीब लागतं.”

रखमीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी खाली वाकली.